‘थांबा’ लावलेली माणसं

रुम्यानाचे कान भरले ते पाव्लिनाने. पाव्लिनाचं केस कापायचं दुकान रुम्यानाच्या केकच्या दुकानाला लागून. रुसे शहरात कुणाचं काय चाललंय, हे तिच्याकडे डोकं धुवायला बसलेल्या बायकांना वर्तमानपत्राच्या आधी कळायचं. मोठ्या रस्त्यावर नवा केकवाला येतोय, ती म्हणाली, आणि तुझी नेद्याल्का परवा त्याच्याशी चांगला अर्धा तास बोलत उभी होती. एवढं बोलून बाई गेली आपल्या कामाला.

नेद्याल्का बारा वर्षं काउंटर सांभाळत होती. रुम्याना मागे भट्टीपाशी, नेद्याल्का पुढे. गिऱ्हाईक रुम्यानाला फक्त ऑर्डरच्या चिठ्ठीवरच्या नावापुरतं माहीत. माणूस म्हणून सगळ्यांना ओळखायची ती नेद्याल्का. इतके दिवस यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं.

दुकानाचा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर आदल्या वर्षी मित्कोने, म्हणजे रुम्यानाच्या नवऱ्याने, संगणकात बसवून घेतलं होतं. गिऱ्हाइकाच्या नावाला टॅग लावायचा, पुढचं ते आपण होऊन करतं. ‘अक्रोड नको’ लावला की ऑर्डरच्या चिठ्ठीवर लाल अक्षरं उमटतात. ‘नामदिन: दिमितर’ लावला की संत दिमितरच्या सणाआधी दोन दिवस, सकाळी दहाला, त्या घरी संदेश जातो. नामदिनाला, म्हणजे आपल्या नावाच्या संताच्या सणाला, आमंत्रण कुणी देत नाही. दार उघडं ठेवायचं, लोक येतात, आणि अशा वेळी घरात अक्रोड-चॉकलेटचा गराश केक नसला की गल्लीभर बोलणी खायची. मित्को हे दिमितरचंच घरगुती रूप; सॉफ्टवेअर शिकताना त्याने गंमत म्हणून पहिलं गिऱ्हाईक घातलं ते स्वतःच्या बायकोलाच, तिच्या फोन नंबरासकट आणि दिमितरच्या टॅगसकट.

फेब्रुवारीत मित्को गेला. नवव्या दिवशी रुम्याना भट्टीपाशी परत उभी राहिली आणि नेद्याल्काला एकच गोष्ट बजावली, की दुकानात त्याचं नाव काढायचं नाही. बोलणाऱ्या बाईच्या तोंडाला तिने कुलूप घातलं, पण नेद्याल्काने ते मुकाट्याने पाळलं. रुम्यानाही त्यानंतर रस्त्याने मान खाली घालून चालू लागली. गेलेल्यांचे फोटो छापलेले कागद दारादारांवर चिकटवलेले असतात, त्यांतला एक तिने स्वतःच्या दारावर चिकटवला होता. दुसऱ्यांचे वाचायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

पाव्लिना गेल्यावर रुम्यानाने हात पुसले आणि संगणक उघडला. सणाला दोनच दिवस उरले होते. टॅगांच्या यादीत एक टॅग तिने कधी पाहिलाच नव्हता: ‘थांबा’. बनवणारीचं नाव, नेद्याल्का. तारीख, मार्चची. एकतीस गिऱ्हाइकांना तो लावलेला होता, आणि ज्यांना लावला त्यांना दुकानाकडून एकही संदेश गेला नव्हता.

तिने वरची आठ-दहा नावं वाचली. सगळी जुनी, हक्काची माणसं. पुढे वाचायची गरज तिला वाटली नाही. संशयी माणसाला थोडक्यात सगळं कळतं. नेद्याल्का हल्ली फोन घेऊन बाहेर जाते. तिच्या खिशात एक छोटी वही असते आणि रुम्याना आली की ती मिटते. आता सगळं जुळत होतं. आपल्या गिऱ्हाइकांना ही बाई दुकानापासून तोडतेय, नव्या दुकानाच्या ताटात वाढायला. तेही मित्को गेल्यापासून! रुम्यानाच्या अंगाचा तिळपापड झाला.

नेद्याल्का काच पुसत होती.

“ताई, हे ‘थांबा’ काय आहे?”

नेद्याल्काचा हात थांबला. “माझं आहे ते. राहू दे.”

“कशासाठी?”

“राहू दे म्हटलं ना. तू नको पडूस त्यात.” आणि ताकास तूर लागू न देता ती कोठीत ट्रे आणायला निघून गेली.

रुम्यानाने ठरवलं, दुपारी हिचा हिशोब करून टाकायचा, उद्यापासून येऊ नको म्हणायचं. पण आधी आपली माणसं परत मिळवायची. तिने एकतीसही नावं एकदम निवडली आणि टॅग काढून टाकला. दहाला पाच मिनिटं कमी होती. ती खुर्चीतून हलली नाही. दहा वाजले आणि पडद्यावर आलं: या एकतीसांतल्या नऊ दिमितर-घरांना संदेश पाठवले. नऊ केक वाचवले, ती मनाशी म्हणाली, आणि कित्येक महिन्यांनी तिला बरं वाटलं.

तेवढ्यात तिच्या स्वतःच्या खिशातला फोन थरथरला.

‘प्रिय रुम्याना, दिमितरचा सण दोन दिवसांवर आलाय. तुमच्या दिमितरसाठी केक सांगितला की नाही? दार उघडं ठेवा, पाहुणे येणारच.’ खाली दुकानाचं नाव. हे शब्द तिचेच होते. गेल्या शरदात तिने ते लिहिले तेव्हा मित्को मागे उभा राहून हसत होता, माझा केक मीच विकत घेऊ का, म्हणत होता.

यादी तिच्यापुढे होतीच. आता तिने ती खालपर्यंत वाचली. शेवटून दुसरं नाव तिचंच.

काउंटरवरचा फोन वाजला. नेद्याल्का ट्रे ठेवून धावली. “हो, किरिलकाका. नाही हो. नाही, आम्ही विसरलो नाही तुमच्या मुलाला. रडू नका काका.” बोलता बोलता तिची नजर पडद्यावर गेली. तिने रिसीव्हरवर हात ठेवला.

“तू काढलास?”

रुम्यानाला मान वर करवेना. “मला सांगितलं का नाहीस, ताई?”

“कसं सांगू? ज्यांच्या घरी वर्षाचं सुतक, तीच माणसं ती. दारांवरचे कागद बघून, फोनवर खात्री करून वहीत लिहून घेते; परवा त्या नव्या केकवाल्यालाही हीच दारं टाळायला सांगितलं. तुला सांगायचं तर मित्कोपासून सुरुवात करावी लागली असती. पहिला टॅग तुझ्याच नावाला लावला होता मी.”

रिसीव्हरमधून म्हाताऱ्याचा आवाज येत राहिला. नेद्याल्काने हात काढला. “काका, संगणकाची चूक झाली हो,” ती सांगू लागली.

रुम्यानाने तिच्या हातातून रिसीव्हर घेतला.

“किरिलकाका, मी रुम्याना. संगणकाची नाही, माझी चूक आहे. तोच संदेश आत्ता मलाही आलाय.” “माझा मित्कोही फेब्रुवारीत गेला.”

नेद्याल्काने खिशातली वही काढून तिच्यापुढे उघडी ठेवली. अजून सात घरांना फोन करायचे होते.