जाळी बाहेर सांडली

ताईच्या वाळवणीच्या खोलीत चार भिंती, एक दार, रंगानं चिकटून बसलेली एक खिडकी, हवा बाहेर फेकणारा एक पंखा, सहा लोखंडी मांडण्या, प्रत्येक मांडणीला चार फळ्या आणि प्रत्येक फळीवर मातीच्या सहा फरशा होत्या. एकूण फरशा एकशे चव्वेचाळीस. शिवाय एक मांजर. ती हलत असल्यामुळे मी तिला मोजणीत धरलं नाही.

फरशा वाकत होत्या. सगळ्या नाहीत, पण कोणत्या वाकतील ते आधी कळायचं नाही. भट्टीतून निघाल्या की काहींचे कोपरे उचललेले असायचे. एका सभागृहाच्या जमिनीचं काम ताईला मिळण्यासारखं होतं. आर्किटेक्ट बाईंची अट सरळ होती. त्या ढिगातून स्वतःच्या हातानं बारा फरशा उचलणार, वर पोलादी पट्टी ठेवणार, आणि कुठेही एक मिलिमीटरपेक्षा जास्त चढउतार निघाला तर सगळा ढीग नापास. संधी तीन. पहिली २.४ मिलिमीटरनं गेली होती. तिन्ही गेल्या तर ताई कारखान्याची जागा सोडून पुन्हा शाळेच्या ऑफिसात टायपिंगला जाणार होती. हे तिनं पातेलं घासता घासता सांगितलं. पातेलं आधीच स्वच्छ होतं.

"हवेचं काहीतरी आहे," ती म्हणाली. "एक बाजू आधी वाळते, दुसरी मागे राहते, की फरशी वाकलीच."

"घरात एवढी विद्या पडून आहे," भाऊजी माझ्याकडे बघत म्हणाले, "तिला जरा ऊन दाखवू या."

हवा कुठून कशी वाहते याचं गणित कॉम्प्युटरवर मांडायचं, हे मी नुकतीच शिकून बाहेर पडले होते. कॉलेजातलं महागडं सॉफ्टवेअर कॉलेजातच राहिलं. पण एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर होतं. जगभरच्या लोकांनी फावल्या वेळात लिहिलेलं, फुकट आणि फटकळ. त्याचं काम एकच, जाळी विणणं. खोलीचा आकार द्यायचा, आत कुठेतरी एक बिंदू ठेवायचा. तिथून सॉफ्टवेअर पाच-पाच सेंटिमीटरच्या पेट्या भरत सुटतं आणि भिंत लागली की थांबतं. मग प्रत्येक पेटीत हवा किती आली, किती गेली, याचा हिशेब करता येतो. जाळी चुकली तर पुढचा सगळा हिशेब पाण्यात.

खोलीचा आकार घ्यायला मी मैत्रिणीच्या प्रयोगशाळेतून लेझर स्कॅनर आणला. दार लावून घेतलं, स्कॅनर मधोमध ठेवला. निकालात सहा मांडण्या, एक पंखा आणि तीन मांजरं आली. स्कॅन चालू असताना मांजर दोनदा उठून जागा बदलून बसली होती. तिन्ही मी पुसून टाकली.

"ही मांजर आत कशी आली?" ताईनं बाहेरून भाऊजींना विचारलं. "परत दार उघडं टाकलंत ना तुम्ही?"

"मी?" भाऊजी म्हणाले. "मी या खोलीत पाऊल टाकत नाही. गेल्या वेळी टाकलं तेव्हा दोन फरशा गेल्या, ते अजून ऐकतोय."

"मग काय ती किल्ली घेऊन फिरते?"

हे भांडण दोन वर्षं जुनं होतं, त्यामुळे मी त्यात नवीन माहिती शोधली नाही.

सॉफ्टवेअर चालू केलं. खोलीत साधारण चार लाख पेट्या बसायला हव्या होत्या. बसल्या बत्तीस लाख. पेट्या खोली भरून बाहेर पडल्या होत्या आणि भोवती मी जेवढी मोकळी जागा दिली होती तेवढी सगळी भरून थांबल्या होत्या. जाळी बाहेर सांडली होती. म्हणजे आकारात कुठेतरी भोक होतं. स्कॅनमध्ये अशी भोकं असतातच. एखाद्या जागेवरून किरण परत येत नाही आणि तिथे काहीच नाही असं यंत्राला वाटतं. हे भोक तिसऱ्या मांडणीमागे, जमिनीलगत होतं. मी त्यावर एक सपाट चौकोन चिकटवला. पेट्या झाल्या चार लाख एकोणीस हजार. मला फार समाधान वाटलं.

हिशेबात हवा दाराखालच्या फटीतून आत येत होती, हळूहळू पसरत होती आणि पंख्यातून बाहेर जात होती. पंख्याचा वेग दुप्पट केला तर सगळ्या फळ्यांवर हवा जवळजवळ सारखी. मी रंगीत चित्र छापून आणलं. ताईनं ते भिंतीला लावलं आणि पंख्याचा वेग दुप्पट केला.

दुसरा ढीग ३.१ मिलिमीटरनं गेला.

आर्किटेक्ट बाई शांतपणे पट्टी पिशवीत ठेवून निघून गेल्या. ताईनं भिंतीवरचं चित्र काढलं नाही. फक्त त्यावर तिचा एप्रन अडकवला.

"नाचता येईना, अंगण वाकडं, असं म्हणतात," भाऊजी म्हणाले. "इथे अंगण खरंच वाकडं आहे, म्हणजे आपला दोष नाही."

"तुम्ही गप्प बसा," ताई म्हणाली.

प्रत्येक फरशीच्या मागे, माती ओली असतानाच, ताई मांडणीचा आणि फळीचा आकडा कोरते. मी वाकलेल्या फरशा उलटून बघितल्या. सगळ्यात वाकलेल्या सहाही तिसऱ्या मांडणीच्या, खालच्या फळीवरच्या. माझ्या चित्रात ती फळी खोलीतली सगळ्यात शांत जागा होती.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा एक फोरम आहे. तिथे 'कासव' नावाचा एकजण उत्तरं देतो. तो कोण, कुठला, कुणाला माहीत नाही. नमस्कार वगैरे तो करत नाही. मी सगळं सविस्तर लिहिलं, आकडे दिले, चित्रं जोडली, आणि सॉफ्टवेअरमध्ये काही चूक असू शकेल का, असं नम्रपणे विचारलं.

कासवानं लिहिलं: "जाळी आधी बाहेर सांडत होती म्हणता. कशी थांबवली?"

मी लिहिलं: "भोक बुजवलं."

कासवानं लिहिलं: "फाइलमध्ये की भिंतीत?"

मी उठून सरळ कारखान्यात गेले आणि भाऊजींना हाक मारली. तिसरी मांडणी दोघांनी धरून पुढे ओढली. मागे, जमिनीलगत, चौदा सेंटिमीटर रुंद आणि बारा उंच असं भोक होतं. आधीच्या भाडेकरूंची इथे लाँड्री होती. त्यांच्या यंत्राचा पाइप तिथून बाहेर जात असणार. कडेला राखाडी केस चिकटले होते. मी पंखा लावला आणि भोकापुढे हात धरला. बाहेरची कोरडी हवा फुंकणीसारखी येत होती. पंख्याचा वेग वाढवला तेव्हा मी ती फुंकणीच वाढवली होती.

ताई येऊन वाकून बघायला लागली. तेवढ्यात भोकातून मांजर आत आली, आमच्या तिघांकडे बघून थांबली आणि नेहमीच्या जागी जाऊन बसली.

"म्हणजे दोन वर्षं मी निर्दोष होतो," भाऊजी म्हणाले.

"या एका बाबतीत," ताई म्हणाली.

"मी फाइलमधून दोन गोष्टी चूक म्हणून पुसल्या," मी म्हणाले. "भोक आणि मांजर."

"काखेत कळसा," ताई म्हणाली. मग माझ्या पाठीवर थाप मारली. हाताला ओली माती होती. "चल, शास्त्रीणबाई. आता काय करायचं सांग."

"वीट लावून बुजवायचं."

"आणि ती कुठून येणार?"

"दारातून," भाऊजी म्हणाले. "माणसांसारखी."

ताईनं त्यांच्या हातात कात्री दिली. भाऊजींनी गाडीतलं जुनं रबरी पायपुसणं कापून भोकाला झडप केली, ढकलली की उघडणारी आणि आपोआप मिटणारी. मी झडपेभोवतीची फट मोजली आणि या वेळी ती फाइलमध्ये ठेवली. पेट्या तिथे बारीक कराव्या लागल्या. पहिल्या दिवशीचं भोक उघडं ठेवूनही एकदा हिशेब केला. तिसऱ्या मांडणीच्या खालच्या फळीवर हवेचा वेग सेकंदाला १.९ मीटर निघाला. झडप मिटलेली, पंखा मूळ वेगावर आणि दाराच्या खालच्या भागाला जाळीची पट्टी असं धरलं तर ०.२. बाकीच्या फळ्यांवरही तेवढाच.

ताईनं दार खालून कापून तिथे जाळी बसवून घेतली. नव्या चित्रासाठी एप्रन मात्र हलवला नाही. "आधी फरशा," ती म्हणाली.

तिसरा ढीग भट्टीतून निघाला तेव्हा तिनं एकाही फरशीला पट्टी लावली नाही. आर्किटेक्ट बाई आल्या, ढिगाभोवती एक चक्कर मारली आणि वरून, मधून, तळातून बारा फरशा उचलून टेबलावर मांडल्या. बारावीवर मांजरीच्या पंजांचे चार ठसे होते, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे गेलेले.

"ती राहू द्या, दुसरी देते," ताई घाईनं म्हणाली.

"मी उचललीय," बाई म्हणाल्या. "हीच मोजू."

भाऊजी छताकडे बघत होते. बाईंनी पट्टी ठेवली, फट मोजायला खाली ठरावीक जाडीच्या पातळ पोलादी पत्त्या एकेक सरकवून बघितल्या आणि मला आकडे लिहून घ्यायला सांगितलं.

अकरा फरशा: जास्तीत जास्त वाक ०.७ मिलिमीटर. बारावी: वाक ०.४ मिलिमीटर, पंजाच्या ठशाची पट्टीपासून खोली ०.९. ढीग पास.