लॉन्ड्रीतल्या फोनमधलं भूत

लॉन्ड्रीबाहेरची गर्दी पाहून मला वाटलं, आज कपडे फुकट धुऊन देतायत की काय! मी शेजारचा घड्याळजी. हातातलं घड्याळ उघडं टाकून धावलो.

आठ दिवस हरवलेला दुकानाचा फोन चादरींच्या ढिगात सापडला होता आणि त्यात एक चित्रफीत निघाली होती. अंधार, थरथर, अगदी कानाशी 'हुस्सऽऽ' असा श्वास, धबधब पावलं, क्षणभर पांढरं काहीतरी आणि शेवटी बाईची किंकाळी. खोटं कशाला बोलू, माझीही बोबडी वळली.

मालकांनी एका आत्मातज्ज्ञ महाराजांना बोलावलं. "बुडून मेलेला जीव आहे," ते म्हणाले. "त्याची फ्रिक्वेन्सी कमी, म्हणून चित्र हलतंय. इस्त्रीवाल्या मावशींच्या मागून आलाय. त्यांना काढा!" एवढं सांगून, पोटभर जेवून, महाराज मागच्या खोलीत गाठोड्यांवर आडवे झाले.

"अहो, बारा वर्षं इस्त्री करतेय मी इथं," मावशी रडकुंडीला आल्या.

मालक मान खाली घालून म्हणाले, "उद्यापासून येऊ नका, मावशी."

मला मालकांचा असा राग आला! पण भूत मलाही खरंच वाटत होतं.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई पडदे न्यायला आल्या होत्या. त्यांनी ती चित्रफीत डोळे मिटून नुसती ऐकली. मग रेकॉर्डिंग सुरू करून फोन मावशींच्या एप्रनच्या खिशात टाकला. "करा तुमचं रोजचं काम."

पाच मिनिटांत तेच भूत हजर! श्वास वाफेच्या इस्त्रीचा, पावलं धुलाईयंत्राची, पांढरी ती चादर.

"आणि किंकाळी?" मालकांनी विचारलं.

"चटका बसला होता हो त्या दिवशी! फोन खिशात टाकून विसरले असेन, वाकताना चादरींत पडला असणार," मावशींनी मनगट दाखवलं.

बाईंनी पुन्हा रेकॉर्डिंग सुरू करून तो एप्रन फोनसकट मागच्या खोलीत, झोपलेल्या महाराजांच्या डोक्यावरच्या खुंटीला अडकवला. महाराज उठल्यावर त्यांना नवी चित्रफीत दाखवली. अंधारात घुर्रऽऽ, मग शिट्टी, पुन्हा घुर्रऽऽ.

महाराजांना घाम फुटला. "हा तर राक्षस! रेड्याच्या छातीचा! दुकान सोडा, पळा!"

तेवढ्यात चित्रात एप्रन खुंटीवरून घसरला, फोन खिशाबाहेर पडला आणि पडदाभर महाराजांचं उघडं तोंड दिसलं. घोरत होते. महाराज चपला न घालताच पसार झाले.

बाई म्हणाल्या, "चित्र स्वच्छ असतं तर कुणीच भ्यालं नसतं. दिसत नाही तिथं आपण आपलंच भूत भरतो. त्यात 'सापडलेली' चित्रफीत म्हटलं, की ती कुठून, कशी टिपली गेली असं कुणी विचारतच नाही."

मालकांनी सगळ्यांसमोर मावशींची माफी मागितली.

लोकहो, अशा चित्रफिती खुशाल बघा, हवं तेवढं घाबरा. मीही घाबरतो. पण कुणाच्या पोटावर पाय देण्याआधी एवढं तरी विचारा: फोन होता कुठं?