टिचबटणं आणि डाळीचं पीठ

माझी लेक श्रीलक्ष्मी दीड महिन्याची आहे. तिचा गुन्हा एकच, ती बापावर गेली. म्हणून बीदरच्या आमच्या न्हाणीत बाळाला आंघोळ घालणारी गंगम्मा तिला रोज डाळीच्या पिठानं घासायची. रंग उजळावा म्हणून. पिठाचा डबा धरून माझ्या सासूबाई जानकीबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, शेजारी उभ्या.

रविवारी लेकीच्या मांडीवर लाल चट्टे दिसले. एकातून पाणी सुटलं होतं. मी तिला टॉवेलात गुंडाळून छातीशी घेतलं.

"आत्याबाई, आता पीठ बंद."

"कामून? पोरीची जात हाय. रंग नको व्हय?"

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. तिथली पोरं झोपतात. आत्याबाई निदान उभ्या होत्या.

"कातडीतल्या पेशी एकमेकींना टिचबटणांनी जोडलेल्या असतात. मधल्या फटीही बुजवलेल्या. म्हणून आतलं पाणी बाहेर जात नाही, बाहेरची घाण आत येत नाही. शेजारणीला काय हवं-नको तेही त्या आतल्या आत पोचवतात." आमच्या घरात तेवढंही होत नाही, हे मी बोलले नाही. "हिची कातडी अजून पातळ. घासून घासून तुम्ही बटणंच तोडायलाव."

"आमच्या वेळेला न्हवत्या बाई पेशी-बिशी."

"होत्या. न बोलता सोसायच्या."

गंगम्माला राग आला. "ह्याच हातानं तुमच्या मालकालाबी घासलंय, अम्मा. वर्षभर!"

आम्ही तिघींनी दाराकडं पाहिलं. गुलबर्ग्याहून सुट्टीला आलेले श्रीहर्ष चहा पीत उभे होते. बिदरी सुरईसारखे काळेभोर. मला आवडतात तसेच.

"उजळले का हो?" मी विचारलं.

"त्ये उन्हात खेळून झालं," आत्याबाई म्हणाल्या.

"मग परत घासू या," मी म्हणाले.

गंगम्मा अर्धवट काम करत नाही. तिनं त्यांचं मनगट धरलं आणि कोपरापर्यंत पीठ रगडलं.

"आई गं! सोड अक्का, सोड! आग व्हायलीय!"

लेक रोज असंच ओरडायची. तेव्हा आत्याबाई म्हणायच्या, रडल्यानं पोरीची छाती भरते. लेकाच्या ओरडण्यानं मात्र आत्याबाईंच्या हातून डबाच निसटला. त्यांनी एकदा त्याच्या लाल हाताकडं पाहिलं, एकदा माझ्या कुशीतल्या नातीच्या मांडीकडं.

"गंगम्मा, नुसत्या पाण्यानं घाल आंघोळ," त्या म्हणाल्या.

डब्यात उरलेल्या पिठाचा दुपारी झुणका झाला. सगळ्यांत जास्त ह्यांनीच खाल्ला.

संध्याकाळी आत्याबाई डॉक्टरीणबाईंचं मलम बोटाच्या टोकानं नातीला लावत होत्या. मी दाराआड थांबले.

"बसली का गं बटणं?" त्या तिलाच विचारत होत्या.