लेप कच्चा नव्हता

नाक मुरडलंत ना? मुरडा, खुशाल मुरडा. मी लघवीची नळी बोलतेय. दवाखान्यात मला कॅथेटर म्हणतात आणि घरात पाहुणे आले की माझ्यावर चादर ओढतात. ज्याची अडलेली वाट मी मोकळी करते, तोही माझं नाव घेताना खाली बघतो. त्याचं मला काही नाही. मला जाळतंय ते वेगळंच आहे, आणि ते आताच सांगून टाकायला हवं.

साधी सिलिकॉनची नळी म्हणून मी कारखान्यातून पुण्याच्या एका प्रयोगशाळेत आले. तिथं माझ्या अंगावर लेप चढवला प्राचीनं. प्राची मूळची जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकची. सहा वर्षं ती एकाच ध्यासात होती, नळीवर जंतू बसू द्यायचे नाहीत. साध्या नळीवर आधी दोन-चार जंतू येतात, बूड टेकतात आणि मग चिकट साय धरून तिच्याखाली संसार थाटतात. एकदा ती साय धरली की औषध वरच्यावर निघून जातं. प्राचीचा लेप निसरडा, वर त्यात चांदीचे अगदी बारीक कण. घसरला तर जंतू वाहून जायचा, चिकटला तर चांदीनं मरायचा.

माझ्या बहिणींना जंतूंनी भरलेल्या पाण्यात महिनाभर बुडवून ठेवलं होतं. स्वच्छ निघाल्या! सगळ्या परवानग्या मिळाल्या तेव्हा प्राची खुर्चीत बसून ढसाढसा रडली. मला वाटलं, आनंदानं रडतेय. नंतर कळलं, तिला घाई होती.

तिचे आजोबा सावळेराम. लघवी अडायची, आणि हृदय इतकं कमजोर की ऑपरेशन करता येईना. म्हणून जन्मभराची नळी. साध्या नळ्यांनी त्यांना वर्षात दोनदा हुडहुडी भरवली होती. ओतूरचे डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते, "आता तिसऱ्यांदा ताप आला तर यांना झेपायचं नाही."

तो तिसरा ताप थांबवायला मी निघाले. प्राचीनं स्वतः मला ओतूरला आणलं, डॉक्टरांच्या हाती दिलं. नळी बसली, आजोबा हसून म्हणाले, "काय जाणवतच न्हाई गं." परतीची एसटी लागली होती. प्राचीनं पळता पळता आजीला, चिमाबाईंना सांगितलं, "आजी, आता घोर करू नको. या नळीला लेप आहे. लेप आहे तोवर जंतू लागायचे नाहीत."

"लेप हाय व्हय?" चिमाबाईंचा चेहरा उजळला. "मंग लई बेस झालं बाई. लेपाचं मला नको सांगू, जलम गेला माझा त्यात."

दोघी हसल्या. मीही हसले. तिथंच घात झाला, आणि तो कुणालाच दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमाबाईंनी दार लोटलं आणि सहाण काढली. आंबेहळद उगाळली, खोबरेल तेलात कालवली आणि मी जिथून शरीरात शिरते तिथं बोटानं हलकेच लावली.

"अगं, काय करतीस? डॉक्टरनी हात लावू नको म्हटलंय ना?" आजोबा कळवळले.

"डॉक्टरचं ऱ्हाऊ द्या. आपल्या प्राचीनं सांगितलंय, लेप हाय तवर भ्या न्हाई. कालचा लेप आज ऱ्हातोय का कुठं? रोज ताजा लावाया पायजे."

अरे देवा! मला तोंड असतं तर मी ओरडले असते. आजी, लेप माझ्या अंगातच आहे हो, तो उगाळायचा नसतो! पण नळीचं कोण ऐकणार? तेलाचा थर बसला आणि माझी चांदी त्याच्याखाली कोंडली गेली. सहाणेच्या खाचांतले, बोटांवरचे जंतू तेलातून सरकत आत आले. बूड टेकलं. साय धरली. मी सगळं बघत होते, आणि मला काही म्हणजे काही करता आलं नाही.

त्या बोटांना मी कसा दोष देऊ? एवढ्या मायेनं मला कुणी कधी हात लावला नव्हता. लेप लावून झाला की चिमाबाई ओझरच्या गणपतीला हात जोडायच्या आणि आजोबांना विचारायच्या, "बरं वाटतंय न्हवं?" ते हो म्हणायचे.

सोळाव्या दिवशी आजोबांचे दात वाजायला लागले. दोन गोधड्या घातल्या तरी कापणं थांबेना. पुण्याच्या दवाखान्यात मला काढून दुसरी नळी घातली, पण विष रक्तात उतरलं होतं. चौथ्या दिवशी सावळेराम गेले.

प्राचीनं मला जपून ठेवून घेतलं होतं. दिवसकार्य उरकून ती प्रयोगशाळेत परत आली आणि तिनं मला चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. माझ्या अंगावर पिवळा थर होता. तिनं तो पुसून बघितला, नाकाशी नेला. आंबेहळदीचा वास ती लहानपणी गुडघे फुटले तेव्हापासून ओळखत होती. आजीचं ते 'लेप हाय व्हय?' तिला आत्ता कुठं कळलं.

तेवढ्यात आजीचा फोन आला.

"प्राचे, नळी तपासलीस का गं? खरं सांग, माझंच चुकलं ना? त्या मंगळवारी आंबेहळद सरली व्हती. एक दिस लेप लावायचा ऱ्हायला. त्यानंच झालं ना गं?"



"न्हाई आजी," प्राची आजीच्याच बोलीत म्हणाली. "तुझं कायच चुकलं न्हाई."

"मंग? तुझा लेप कच्चा व्हता का?"

"हो आजी. माझाच लेप कच्चा होता."

पलीकडून चिमाबाई म्हणाल्या, "रडू नको बाई. पुढच्या माणसाला पक्का कर."

मी पक्कीच होते हो! सहा वर्षांची मेहनत माझ्या अंगावर होती, आणि ती एका शब्दापाशी हरली. उद्या मला कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकतील, यंत्रात माझा भुगा होईल. होऊ दे. तुमच्या घरात माझी एखादी बहीण आली, तर तिच्याबद्दल समजावून सांगणाऱ्याला एवढंच सांगा, एसटी चुकली तरी चालेल, पण समोरच्याला काय समजलं ते विचारल्याशिवाय उठू नका. प्राचीनं विचारलं नाही. आणि आता खरं काय झालं ते ती आजीला कधीच सांगणार नाही.