मायलोची दोन मिनिटं

आमच्या कोइवू लेक गावात कॉलेजची पत हॉकीवरून ठरते, बर्फावर स्केट घालून खेळतात त्या हॉकीवरून. ज्या कॉलेजने राष्ट्रीय चषक उचलला, ते विद्येचं माहेरघर. आणि जे पहिल्याच फेरीत हरून घरी आलं, तिथल्या प्राध्यापकांच्या डिग्र्यांबद्दलही आम्हाला शंका. समोरच्या गल्लीतल्या एका मुलीला पूर्वेकडच्या कुठल्याशा जगप्रसिद्ध कॉलेजात प्रवेश मिळाला, तर गावातल्या बायका हॉटडिशची, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या मांस-बटाट्याची, भांडी घेऊन तिच्या आईला धीर द्यायला गेल्या, कारण त्या कॉलेजात हॉकीच नव्हती. मीही गेले होते. माझी हॉटडिश चांगली झाली होती, एवढंच सांगते.

त्यामुळे माझ्या घरी राहणाऱ्या कॉर्बिनने ॲशबोर्नला जायचंय असं सांगितलं, तेव्हा जेवणाच्या टेबलावर सगळ्यांनी वळून त्याच्याकडे बघितलं.

"ॲशबोर्न?" मायलोने काटा खाली ठेवला. "गेल्या वर्षी नऊ गोल खाल्ले, ते?"

"ते शंभरातल्या चौघा-पाचांनाच घेतात," कॉर्बिन म्हणाला.

"मग त्या चौघा-पाचांत एखादा गोलकीपर घ्यायचा की, बाबा!"

हे दोघे माझे. म्हणजे पोटचे नव्हेत. शाळा संपलेली पोरं आमच्या गावच्या संघात एक-दोन वर्षं खेळतात आणि कुठल्यातरी कॉलेजच्या कोचचा फोन येण्याची वाट बघतात. तोवर ती गावात कोणाकोणाच्या घरी राहतात. मी त्यांना खाऊपिऊ घालते, त्यांचे कुबट मोजे धुते, ओरडते आणि ती मला मॉम म्हणतात. कॉर्बिन नॉर्थ डकोटातल्या साखरेच्या बीटच्या शेतावरून आलेला, एकोणीस वर्षांचा, चारदा विचार करून एक वाक्य बोलणारा. मायलो वीस वर्षांचा, गोलकीपर, आणि विचार न करता चार वाक्यं बोलणारा. या संघात खेळायचं त्याचं हे शेवटचं वर्ष. त्याला अजून एकाही कॉलेजचा फोन आलेला नव्हता. तो विषय घरात कोणी काढत नसे.

कॉर्बिनला मात्र ॲशबोर्नच्या कोचने होकार दिला होता. आमच्याकडे कोच हो म्हणाला की संपलं, लोक कॉलेजच्या नावाची जॅकेटं शिवायला टाकतात. पण ॲशबोर्नात कोचच्या हातात फक्त रिंकची, बर्फाच्या मैदानाची, किल्ली. कॉलेजचं फाटक प्रवेश कचेरीच्या हातात, आणि तिथे कॉर्बिनचे दहावीचे मार्क आडवे आले होते. त्या वर्षी नदी शेतात शिरली होती आणि पोरगं अभ्यासाऐवजी वाळूच्या गोण्या वाहत होतं. कचेरीने कळवलं, की आमच्या एक जुन्या विद्यार्थिनी, ड्यूलूथच्या निवृत्त न्यायाधीश, येऊन तुझी मुलाखत घेतील. त्या काय कळवतात त्यावर ठरवू.

"मॉम," भांडी पुसता पुसता तो मला म्हणाला, "हे नाही झालं तर मी घरी जाईन. दुसऱ्या कुठल्याच कॉलेजात मला जायचं नाहीये."

एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. 

मुलाखत शनिवारी दुपारी गावच्या वाचनालयात ठरली होती. शुक्रवारी हवामान खात्याने वादळाचा इशारा दिला आणि आमच्याशी खेळायला येणाऱ्या रेड फोर्क गावच्या संघाला वेळेत घरी परतता यावं म्हणून शनिवारची संध्याकाळची मॅच दुपारी आणली. न्यायाधीशबाई फोनवर म्हणाल्या, काही हरकत नाही, मी रिंकवरच येते, मधल्या सुट्टीत बोलू.

आता ऐका गाढवपणा. मी आमच्या कोचला, गॉर्डी स्तानिचला, स्पष्ट सांगितलं, की ॲशबोर्नहून एक बाई येतायत. गॉर्डी आणि मी एका वर्गात होतो. तेव्हाही तो अर्धंच ऐकायचा. बाहेरगावची व्यक्ती, हातात वही, कॉलेजचं नाव, म्हणजे खेळाडू हेरायला आलेली, याखेरीज दुसरी शक्यता आमच्या गावात कोणाला सुचतच नाही. त्याने बायकोला सांगून बाईंना थेट वरच्या काचेच्या खोलीत नेऊन बसवलं, हीटरशेजारी. वाइल्ड राइसचं सूप दिलं, वेलचीचा पाव दिला, आणि कॉर्बिन किती वेगाने स्केटिंग करतो याचे आकडे समोर ठेवले. मधल्या दोन्ही सुट्ट्यांत बाई उठायला लागल्या, की गॉर्डीची बायको आणखी सूप वाढायची.

मला हे सगळं खालून दिसत होतं, पण हलता येत नव्हतं. कारण पेनल्टी बॉक्सचं दार मी सांभाळते. कोणी चूक केली की दोन मिनिटं आत घ्यायचा, वेळ झाली की बाहेर सोडायचा. एवढी वर्षं हे काम करतेय, पण त्या बाकावर बसलेला एकही जण मला गुन्हेगार भेटलेला नाही. प्रत्येक जण निर्दोष, आणि प्रत्येक वेळी रेफरी आंधळा.

त्यात गॉर्डीने आणखी एक शहाणपणा केला. कॉर्बिन हा चौथ्या फळीतला खेळाडू. त्याचं काम एकच. आपला माणूस बॉक्समध्ये असला, एक गडी कमी असला, की अंगावर पक, म्हणजे खेळायची ती रबरी चकती, झेलून गोल वाचवायचा. त्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. पण 'हेरगिरी करणाऱ्या' बाईंना दिसावा म्हणून गॉर्डीने त्याला पहिल्या फळीत घातला. पोरगं पार गोंधळलं. सगळे त्याला पक देत होते आणि त्याचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं.

शेवटचं सत्र सुरू झालं तेव्हा आम्ही तीन-दोनने पुढे होतो. तेवढ्यात जिना उतरून एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई तरातरा माझ्याकडे आल्या.

"लिनोर व्हिटकोम," त्या म्हणाल्या. "तो मुलगा किती जोरात धावतो हे मला चार वेळा सांगून झालंय. त्याच्याशी बोलू कोणीच देत नाही. महामार्ग बंद व्हायच्या आत मला निघायला हवं. मॅच संपेपर्यंत मी थांबू शकत नाही."

"फोनवर नाही का चालणार, मॅडम?"

"तोंड बघितल्याशिवाय मी कोणाबद्दल काही लिहीत नाही. आज रात्री कळवायचंय."

मी राउना, असं सांगून मी त्यांना माझ्या शेजारी, वेळ लावणाऱ्यांच्या बाकावर बसवलं. तिथे माझा दीर व्हर्लिन माईकवर बसतो. आणि देवाला कीव आली म्हणा, नाहीतर पहिल्या फळीचं ओझं म्हणा, कॉर्बिनने समोरच्याच्या पायात काठी घातली. शिट्टी वाजली. पोरगं मान खाली घालून माझ्या दारातून आत आलं.

व्हिटकोमबाईंनी मधल्या फटीतून डोकं पुढे केलं. "केलंस का तू?"

"हो, मॅडम."

"रेफरीची चूक?"

"नाही. उलट त्याआधी मी त्याला धरलंही होतं. ते त्यांना दिसलं नाही."

व्हर्लिन माझ्याकडे बघायला लागला, मी व्हर्लिनकडे. बाईंच्या भुवया वर गेल्या. "मी इतकी वर्षं कोर्टात काढली," त्या म्हणाल्या, "न विचारलेला गुन्हा कबूल करणारा तू पहिलाच. बरं, ॲशबोर्नच का?"

"बर्फासाठी."

"हॉकी?"

"नाही, नदीचा बर्फ. तिथे एक प्राध्यापिका आहेत, नदीवरचा बर्फ कसा फुटतो यावर त्या काम करतात." आणि मग त्या मुक्या पोराला वाचा फुटली. "आमची नदी उत्तरेकडे वाहते, मॅडम. वसंतात दक्षिणेकडचा बर्फ आधी वितळतो. ते पाणी खाली येतं, पण पुढे उत्तरेला नदी अजून गोठलेलीच असते. मग ते सगळं पाणी..."

वेळ संपली. मला दार उघडावं लागलं. नियम म्हणजे नियम. माझ्या हातांना तेव्हा मी मनातल्या मनात शिव्या दिल्या. कॉर्बिन वाक्य अर्धवट टाकून बर्फावर गेला.

"मग ते पाणी कुठे जातं?" बाईंनी मला विचारलं.

"मला काय ठाऊक?"

त्यांनी घड्याळ बघितलं, हातमोजे काढून मांडीवर ठेवले. "पाच मिनिटं थांबते. जास्त नाही."

व्हर्लिनच्या पोटात काही राहत नाही. माईक बंद करून त्याने मागच्या रांगेला सांगितलं, की ही बाई हेरायला आलेली नाही, परीक्षा घ्यायला आलीय, आणि कॉर्बिनचं उत्तर अर्धंच झालंय. मागच्या रांगेने त्याच्या मागच्या रांगेला सांगितलं. बघता बघता बातमी पार छतापर्यंत पोचली. आणि मग जे मी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं, ते सुरू झालं. आमचंच गाव आमच्याच खेळाडूला शिक्षा मागायला लागलं.

"ओ रेफरी, डोळे आहेत का? काढा त्याला बाहेर!"

"कॉर्बिन, मार की कोणाला तरी!"

"बसवा त्याला! बसवा त्याला!"

बिचारा रेफरी चक्रावून गेला. रेड फोर्कची पोरं एकमेकांकडे बघायला लागली. गॉर्डी समोरच्या बाकावरून ओरडत होता, "काय चाललंय काय तुमचं!" आणि कॉर्बिन? तो अगदी सोवळ्यात असल्यासारखा खेळत होता. कोणाला धक्का लागू देत नव्हता. एका गोलाची आघाडी होती, आपल्यासाठी संघाला अडचणीत टाकणाऱ्यांतला तो नव्हता. मला त्याचा अभिमानही वाटला आणि त्याला चांगल्या दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटलं.

बाई हातमोजे घालायला लागल्या.

खेळ आमच्या गोलसमोर थांबला होता. तिथे कॉर्बिन आणि मायलो काहीतरी बोलले. नंतर मायलोनेच मला सांगितलं, त्याने विचारलं होतं, "झालं का बोलून?" आणि कॉर्बिन म्हणाला होता, "नदीत अडकलोय."

खेळ पुन्हा सुरू झाला. पक हळूच घरंगळत मायलोकडे आला. अगदी निरुपद्रवी पक. त्याने तो शांतपणे थांबवला, काठी वर घेतली, आणि रिंकभोवतीच्या काचेवरून थेट प्रेक्षकांत भिरकावून दिला.

असा पक बाहेर टाकण्याला शिक्षा आहे. दोन मिनिटं. पण गोलकीपर कधी बॉक्समध्ये जात नाही. त्याची शिक्षा बर्फावरचा दुसरा गडी भोगतो, आणि तो कोण हे कोच ठरवतो.

गॉर्डीने मायलोकडे बघितलं, मग माझ्या शेजारच्या बाईंकडे, मग माझ्याकडे. मी दार सताड उघडून उभी होते. एक गडी कमी असताना ज्याच्या जिवावर गॉर्डी आख्खा मोसम तगला होता, तो कॉर्बिन. त्यालाच बसवायचं म्हणजे घरचं दार काढून ठेवण्यासारखं. गॉर्डीने टोपी काढली, परत घातली, आणि कॉर्बिनकडे बोट केलं.

आख्खं गाव टाळ्या वाजवत उठलं. मी गॉर्डीला आजवर जे जे बोलले होते, त्यातलं निम्मं मनातल्या मनात परत घेतलं.

"आता काय केलंस?" व्हिटकोमबाईंनी विचारलं.

"मी नाही, मॅडम. हे मायलोचं आहे. त्याच्याऐवजी मी बसलोय."

"आणि त्याने असं का केलं?"

कॉर्बिनने समोर गोलमध्ये उभ्या मायलोकडे बघितलं. "माझं उत्तर राहिलं होतं म्हणून," तो म्हणाला.

"मग वाया घालवू नकोस. पाणी कुठे जातं?"

ते पाणी बाजूला पसरतं, हे त्या दिवशी मला कळलं. शेतांत, तळघरांत, शाळेत. बर्फ कधी आणि कुठे अडणार हे आधी कळलं, तर गोण्या वेळेत लावता येतील. तो बोलत होता, बाई प्रश्न विचारत होत्या, वही बंदच होती. समोर मायलो वेड्यासारखा पक अडवत होता, छातीने, मुखवट्याने, एकदा तर आडवा पडून पायाच्या अंगठ्याने. शेवटी एक पक त्याच्या खांद्यावरून आत गेलाच. तीन-तीन. गोल झाला की शिक्षा संपते. मी दार उघडलं.

"पुरे," व्हिटकोमबाई उठल्या. "मला हवं ते मिळालं. राउना, त्या गोलकीपरला सांगा, एवढ्या महागाची मुलाखत मी आजवर घेतलेली नाही."

त्या महामार्ग बंद व्हायच्या आत पोचल्या. आम्ही जादा वेळेत हरलो, आणि हरल्यावरही लोक उभं राहून ओरडत होते. रेड फोर्कच्या पोरांना आपण जिंकलो की नाही याची खात्री पटायला जरा वेळ लागला.

मार्चमध्ये ॲशबोर्नचा फोन आला. कॉर्बिनला घेतलं होतं. फोन ठेवून तो माझ्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसला तो उठेचना. मी ब्लूबेरीची पाई, म्हणजे गोड सारणाची जाड पोळी, भाजून नुकतीच ओव्हनमधून काढली होती.

"मॉम, मायलोला कसं सांगू? त्याला अजून कोणाचाच फोन नाही. त्या मॅचमध्ये खाल्लेला तो गोलही त्याच्याच नावावर लागला."

एवढ्यात मायलो मागच्या दाराने आत आला. बूट न काढता, नेहमीप्रमाणे. आमच्या दोघांची तोंडं बघितली आणि त्याला काय ते कळलं. त्याने कॉर्बिनचं डोकं दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं. मग माझ्या हातातली सुरी घेतली, अजून वाफाळणारी पाई कापली आणि सगळ्यात मोठा तुकडा स्वतःला वाढून घेतला.

"मायलो," कॉर्बिन म्हणाला, "मी तुझे आभार कसे..."

"ए, रडायचं नाही हं." मायलोचं तोंड भरलेलं होतं, आणि डोळेही, पण ते त्याने पाईवर ढकललं, गरम आहे म्हणाला. "माझी दोन मिनिटं बसलास ना तू? आता माझी कॉलेजची चार वर्षंही बसून ये."