सासनकाठीची धाकटी बहीण

"सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं न्हाय," दातांत धरलेली पायजम्याची नाडी सोडवत जोतीराम म्हणाला, "पण असल्या दोन नाड्यांवर मी एकदा अख्खी एसटी टांगलीती."

"रिकामी?" श्रीपालनं विचारलं.

"कंडक्टरसकट."

एरवी श्रीपाल एवढ्यावर पोट धरून हसला असता. आज त्याचा एक डोळा जिन्याकडे होता. जोतीराम नव्या गाडीच्या मागच्या सीटवर गुडघे टेकून, मान वाकडी करून, सात फुटी गळाची काठी छताला बांधत होता. त्याचे तळवे तेवढे दाराबाहेर गल्लीत आले होते. दारांच्या वर धरायला हँडल असतात, पुढं एक, मागं एक; त्या दोन्हींना नाड्या गुंडाळून त्यानं काठीसाठी झोपाळाच केला होता. तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात पत्रे ठोकलेला माणूस. गाठ मारली की एकदा ओढून बघायचा आणि गाठीलाच दरडावायचा, "हललीस तर बघ."

"शेंडा मागं, मूठ फुडं," तो आतून सांगत होता. "तू कचकन बिरेक मारलास तर मूठ काचंवर आपटंल. मुठीला काय हुतंय? शेंडा आपटला की काठीची झाली काडी."

मुठीजवळच्या रिळावर त्यानं जुना पायमोजा चढवला. मग शेंड्यातून निघालेल्या दोरीचं टोक चिंधीत गुंडाळून त्याची सुपारीएवढी पुरचुंडी केली आणि ती काठीलाच बांधून टाकली. श्रीपालनं मदतीला हात पुढं केला तसा तो खेकसला.

"शिवू नगंस! गळ हाय आत. सीटच्या कापडात घुसला तर कापड फाडूनच निघतोय. आणि तुझा हात लागला तर पाप तुला."

श्रीपालनं हात मागं घेतला. गेली तीन वर्षं दर रविवारी तो असाच हात मागं घेत आला होता.

तीन वर्षांपूर्वी त्याचं हृदयाचं ऑपरेशन झालं, कापडाचं दुकान मुलानं, श्रेयसनं, हातात घेतलं, आणि श्रीपाल घरात बसून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला. तेव्हा एका रविवारी सकाळी जोतीराम आला, "ऊठ, शेतावर जाऊ," म्हणाला आणि त्याला शिरोळच्या पुढं कृष्णेकाठी घेऊन गेला. शेत खरंच होतं. जोतीरामचा अर्धा एकर ऊस तिथं उभा होता. पण जोतीराम उसाकडं फिरकला नाही. तो काठी घेऊन थेट पाण्याशी गेला. श्रीपाल पडला जैन माणूस, पाणी गाळून पिणारा, दिवेलागणीच्या आत जेवणारा. तो करंजाच्या झाडाखाली नदीकडं पाठ करून बसला आणि मनातल्या मनात णमोकार म्हणत राहिला. एकही जीव जाऊ नये, एवढंच.

आणि नवल असं की गेला नाही. त्या रविवारी नाही, पुढच्या नाही, तीन वर्षांत एकदाही नाही. परतीच्या वाटेवर मात्र जोतीराम सुटून गेलेल्या माशाची अशी काही गोष्ट सांगायचा, की गाडीत गुडघाभर पाणी शिरल्यासारखं वाटे. जोतीरामची बायको तानाबाई म्हणायची, "पैलं टोपलं भरून आणायचा ह्यो माणूस. आता रविवार म्हटला की आमच्यात वांगं." ते ऐकून श्रीपालला वाईट वाटायचं, आणि खरं सांगायचं तर थोडी ऐटही. आपल्या जपात इतका जोर असेल असं दुकानात गल्ल्यावर बसून त्याला कधी वाटलं नव्हतं. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

राजमतीला, त्याच्या बायकोला, माहीत होतं ते फक्त शेत. जुन्या व्हॅनमध्ये काठी सीटखाली निमूट लपायची. श्रेयसनं व्हॅन विकून ही गाडी आणली आणि तिच्यात काठी खाली मावेना. टपावर बांधावी तर जैन बस्तीवरून जायचं, सगळा समाज दर्शनाला आलेला असताना. म्हणून छत. राजमतीला कळलं की रविवार संपला, याबद्दल श्रीपालला शंका नव्हती. आणि रविवार संपला की पुन्हा ते कॅलेंडर.

जिन्यावर चपला वाजल्या.

"बरं झालं, निघाला न्हाईसा," राजमती खाली येत म्हणाली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात श्रीपालचा तपकिरी स्वेटर. "मला कुरुंदवाडला सोडा. धाकट्या बहिणीच्या घरला जाऊन येतो. आणि हे घाला आधी. सकाळचं वारं बाधतंय."

"अगं, फाल्गुन चाललाय."

"ते डाक्टरला सांगा." तिनं स्वेटर त्याच्या अंगात घातला, लाकडी बटणं एकेक करून लावली आणि मधल्या रिकाम्या काजाला सेफ्टी पिन अडकवली. "साऱ्या कोल्हापुरात असलं बटण मिळंना झालंय. तीन वर्षं हुडकतोय. कुठं पाडलासा कुणाला ठाऊक."

पिन लावून झाली आणि तिची नजर गाडीत गेली.

"हे काय टांगलंय?"

श्रीपाल दार लावायला पुढं झाला. पण तेवढ्या वेळात जोतीरामनं काम केलं होतं. काठी घासू नये म्हणून आणलेली तानाबाईची गुलाबी साडी त्यानं काठीला मुठीपासून शेंड्यापर्यंत गुंडाळली होती.

"सासनकाठी, वहिनी."

"जोतिबाची? ती तर माडीएवढी उंच असती की, भावोजी."

"ती थोरली. ही तिची धाकटी भैन. यात्रंआधी हिला नदी दाखवून आणायची, आमच्यात रीत हाय."

राजमती क्षणभर काठीकडं बघत राहिली. मग तिनं चपला काढून पिशवीत घातल्या आणि अनवाणी मागच्या सीटवर जाऊन बसली. ते श्रीपालला बघवेना. खोटं बोलणं एक वेळ परवडलं. पण देवाच्या नावानं, आणि समोरच्यानं चपला काढल्यावर? त्यानं गाडी सुरू केली.

हातकणंगल्यापर्यंत त्यानं प्रत्येक खड्डा अंड्याची टोपली नेल्यासारखा ओलांडला. शेजारी बसलेला जोतीराम मात्र निवांत होता. कुणाच्या उसाला तुरा आला, कुणाचा ट्रॅक्टर हप्त्यावर, सगळं सांगत होता. जयसिंगपुरात मागून उसाच्या ट्रॉलीचा भोंगा वाजला, श्रीपाल दचकला आणि गतिरोधक दिसलाच नाही. गाडी उडाली. 'हललीस तर बघ' असं बजावलेली मागची गाठ हलली आणि काठीचा शेंडा अलगद राजमतीच्या खांद्यावर आला.

"थांब, थांब! मी बांधतो," जोतीराम सीटवर उलटा वळला.

"ऱ्हाऊ दे. मी धरून बसतो."

"नगा वहिनी, जड हाय ती."

"जड? उसाच्या वाढ्याएवढंबी वजन न्हाय." तिनं गुलाबी गुंडाळी मांडीवर घेतली, लेकराला घ्यावं तशी. आरशात श्रीपालला तिची बोटं दिसत होती. ती कापडावरून सावकाश पुढं सरकत होती, थांबत होती, पुन्हा सरकत होती.

शिरोळला राजमती म्हणाली, तहान लागली. गुऱ्हाळवाला बाळासो रसाचे ग्लास घेऊन गाडीपाशीच आला. आत गुलाबी काठी बघून त्यानं ग्लास टपावर ठेवले आणि हात जोडले.

"चांगभलं! पावणं, काठी कुठली म्हणायची?"

ऐकणारा नवा मिळाला की जोतीरामचा आवाज आपोआप खाली उतरायचा. मोठं खोटं तो नेहमी हळू बोलायचा.

"महापूर आलता तवाची गोष्ट. शेतातल्या खोपीत आढ्यापतुर पाणी. भांडी गेली, कोंबड्या गेल्या. ही काठी उभीच्या उभी तरंगत दारातनं भायेर पडली आणि चालली वर. खाली न्हवं, वर! कुरुंदवाडापासनं शिरोळपतुर, पाण्याच्या उलट. शेंड्यावर आमचं मांजर बसलेलं. शेपूट भिजलं न्हाय त्याचं."

"आणि मांजर?"

"डोंगरावर असतंय आता. देवळाच्या पायरीला. मासं सोडलं त्यानं."

बाळासोनं मान डोलावली, आत गेला आणि चौथा ग्लास घेऊन आला. काठीसाठी. जोतीरामनं तो डोळे मिटून काठीच्या वतीनं पिऊन टाकला. श्रीपालचे कान तापले होते. राजमती हसली नाही. ग्लासाच्या कडेवरून ती जोतीरामकडं बघत होती.

"मांजरानं मासं सोडलं, भावोजी?"

"सोडलं की."

"का म्हणून?"

जोतीरामनं ओठांवरचा फेस पुसला. "संगत, वहिनी. दुसरं काय?"

कुरुंदवाड जवळ आलं. पुलाच्या अलीकडं चिंचेची सावली होती. तिथं राजमती म्हणाली, "थांबवा गाडी."

"आलंच की गं घर."

"थांबवा म्हटलं न्हवं?"

गाडी थांबली. मागं कापड सरसरलं. मग राजमतीनं काहीतरी ओढलं असावं, कारण जोतीरामच्या कानाशी, पायमोज्याच्या आत, कर्रर्र करून काहीतरी वाजलं. तिनं पुन्हा ओढलं. पुन्हा कर्रर्र.

"सासनकाठीला भिंगरी असती व्हय?" राजमतीनं विचारलं.

जोतीरामनं तोंड उघडलं. श्रीपालनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून ते मिटवलं. चावी फिरवून त्यानं गाडी बंद केली. मागं वळून बघायचं धाडस होईना, म्हणून तो आरशाशीच बोलला.

"गळाची काठी हाय ती. तीन वर्षं येतोय मी ह्याच्याबरोबर. नदीकडं पाठ करून बसतो. तुला सांगायला तोंड नव्हतं. पण राजमती, तुझ्या गळ्याची आण, एकबी जीव गेला न्हाय. दर वेळी सुटून जातोय."

आरशात राजमतीचा चेहरा काही सांगेना. चिंचेवर एक पोपट ओरडला आणि त्यालाही लाज वाटल्यासारखा गप्प झाला. अशी शांतता जोतीरामला कधीच सोसली नव्हती. मित्र बुडतोय असं दिसताच त्यानं हाताशी आली ती फळी टाकली.

"सुटतोय म्हंजे कसा सुटतोय, वहिनी! गेल्याच रविवारची गोष्ट घ्या. ह्याच काठीला वाम मासा लागला. पारड्याएवढं डोस्कं. मी वढतोय, त्यो वढतोय. पैलतीरावरनं दोन गडी वरडले, म्हस चालली, म्हस चालली! पाऊण तास. माझे पाय घोट्यापतुर चिखलात. गळ असा जबड्यात आरपार! आता आला म्हणतोय तवर तिकडं झाडाखाली ह्याचा णमोकार रंगात आला असणार—"

श्रीपालनं मान वळवली. जपाचं ह्याला कुणी सांगितलं?

"—तर त्या वामानं माझ्याकडं बघितलं, अशी मान हलवली, एक हिसका दिला, आणि गेला की गळासकट! अजून असंल तो गळ त्याच्या—"

"गळासकट?" राजमती म्हणाली.

दोन सीटांच्या मधून तिचा हात पुढं आला. पुरचुंडीची चिंधी सुटून मनगटावर लोंबत होती. उघड्या तळव्यावर शिशाचा एक तुकडा होता आणि त्याच्या खाली, दोरीच्या अगदी टोकाला, पाण्यानं काळी पडलेली एक जुनी, घट्ट गाठ. गाठीत काहीतरी गोल अडकवलेलं होतं. श्रीपालचा हात नकळत छातीवरच्या सेफ्टी पिनेकडं गेला.

"कुठला गळ, भावोजी? सरळ सरळ खोटं बोलताय," राजमती म्हणाली. "हे ह्यांच्या स्वेटरचं बटण हाय."