वरच्या काठीचा आकडा

एवारिस्तोने हातमोज्याने बर्फाची खोली मोजायच्या काठीवरचा थर खरवडला, वाकून लाल खूण वाचली आणि वॉकीटॉकीचं बटण दाबलं.

"वरची काठी. एकशे बारा सेंटीमीटर. रात्रीत नवीन अठरा."

"एकशे बारा, नवीन अठरा," खालून गास्पारचा आवाज आला. "आणि बर्फ कसा आहे, काका?"

"पांढरा."

गास्पार हसला. त्याला सगळ्याचंच हसू यायचं. साडेआठ वाजता हाच आकडा तो गावच्या रेडिओवर सांगणार होता, चांगला मधात घोळवून. सेरो तोर्दोवर आज चाळलेल्या पिठासारखा बर्फ पडलाय, मित्रांनो, वगैरे वगैरे. पहाटे कड्यावर चढून, नाक गोठवून आकडा आणायचा एवारिस्तोने, आणि वाहवा मिळायची तिकीटखिडकीत शेगडीपाशी बसलेल्या या तिशीतल्या पोराला.

डोंगर लहान होता. स्कीवाल्यांना वर न्यायला एक खुर्च्यांची लिफ्ट आणि दोन दोराच्या, बस्स. इथला हिवाळा जूनमध्ये लागायचा; तेव्हा खडक झाकण्यापुरता बर्फ, ऑगस्टमध्ये चांगला, आणि सप्टेंबर लागला की दुपारपर्यंत त्याची पेज. एवारिस्तो तेवीस वर्षं लिफ्ट सांभाळत होता. काठी मात्र दोनच हिवाळ्यांपूर्वी त्याच्याकडे आली. आधी ती ब्राउलिओकडे होती. एका सकाळी वाऱ्याने सगळं पांढरं करून टाकलं, पुढचं पाऊल दिसेना, आणि काठी वाचायला निघालेला ब्राउलिओ कड्याच्या टोकावरून सरळ पुढे चालत गेला. बर्फ वितळल्यावर ऑक्टोबरात सापडला.

वाहवा एवारिस्तोने एक वेळ गिळलीही असती. पण परवा बेकरीत शेजारच्या सुल्माने त्याला अडवलं.

"तुझ्या ओदिलियाला झालंय तरी काय? साडेआठला दार वाजवलं, तर आतून ओरडते, 'थांब, गास्पार बोलतोय!' वीस वर्षांची मैत्रीण मी, आणि बाहेर थंडीत उभी!"

बेकरीतले सगळे हसले. एवारिस्तोही हसला, पण त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्याच्या बायकोने, ओदिलियाने, जन्मात कधी स्की पायात घातली नव्हती. बर्फाचं नाव काढलं तरी ती नाक मुरडायची. तिला कशाला हवा होता बर्फाचा अहवाल?

मंगळवारी त्याची सुट्टी. काठी वाचायला दुसरा माणूस जायचा. एवारिस्तो मुद्दाम स्वयंपाकघरात बसून स्कीला मेण चोळत राहिला. घड्याळात साडेआठ वाजले. ओदिलिया शांतपणे पीठ मळत होती. रेडिओकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"आज रेडिओ नाही लावत?" त्याने विचारलं.

"कशाला? तू घरी आहेस की."

हेच ते, त्याला वाटलं. मी घरी आहे, म्हणूनच. फोनशेजारी भिंतीवर तिच्या अक्षरात तिकीटखिडकीचा नंबर लिहिलेला होता, तोही त्याला त्याच दिवशी दिसला. बायको पन्नाशीची, तो तिच्या मुलासारखा. हे सगळं त्याला कळत होतं. कळून काही उपयोग होत नव्हता. मेण चोळता चोळता त्याने स्कीची कड बोटात घुसवून घेतली.

गुरुवारी वायव्येकडून वादळ आलं. खाली पाऊस, लिफ्टच्या अर्ध्यापासून वर बर्फ, आणि कड्यावर वारा इतका की माणसाने रांगतच जावं. एवारिस्तो रांगत गेला, आकडा वाचला, आणि वॉकीटॉकीचं बटण दाबण्याऐवजी ती बंदच करून टाकली.

वरच्या खोपटात त्याने चूल पेटवली, माते, म्हणजे तिकडचा पानांचा कडू चहा, करून घेतली आणि छोटा रेडिओ लावला. बरोबर साडेआठला गास्पार बोलू लागला.

"मित्रांनो, खाली पाऊस आहे... गाडीला साखळ्या लावूनच निघा... वरच्या काठीचा आकडा..." आवाज थांबला. "वरच्या काठीचा आकडा अजून आलेला नाही."

मग घाईघाईने कुठलंतरी गाणं लागलं. एवारिस्तोने मांडीवर थाप मारली. ऐक म्हणावं, ओदिलिया, ऐक तुझ्या लाडक्याची बोबडी! त्याने आणखी एक माते भरली. इतकी चवदार माते त्याने सबंध हिवाळ्यात प्यायली नव्हती. वारा पडायची वाट बघत तो तासभर पाय शेकत बसला आणि मग खाली निघाला.

लिफ्टच्या मध्यावर समोरून गास्पार चढत येत होता. पाठीवर दोर, हातात फावडं, तोंड रक्त आटल्यासारखं. एवारिस्तोला बघताच तो बर्फात मटकन बसला.

"वॉकीटॉकी?"

"बॅटरी गेली," एवारिस्तो म्हणाला.

"आधी खाली जा, काका. काकू आल्यात. आज चार वेळा फोन केला त्यांनी. तसा रोजच करायच्या. मी आधी वारा, रस्ता असलं काही सांगत बसलो की लगेच फोन: 'वारा गेला खड्ड्यात, वरच्या काठीचा आकडा सांग!' म्हणून तर हल्ली आकडा पहिला सांगतो." त्याने फावडं खाली ठेवलं. "आज काय सांगणार होतो मी त्यांना?"

एवारिस्तोने स्कीची टोकं उताराकडे वळवली. तो खाली गेला.

तिकीटखिडकीसमोर पावसात ओदिलिया उभी होती. अंगावर त्याचाच जुना कोट, खाली एप्रन, पायांत घरातल्या सपाता. कोपरापर्यंत पीठ, पावसाने चिकट झालेलं. तिने त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मग परत पायापासून डोक्यापर्यंत. बॅटरीची थाप त्याच्या ओठांवर आली होती, ती तिथेच राहिली.

"किती?" तिने विचारलं.

"काय किती?"

"वरची काठी, म्हाताऱ्या. किती?"

"एकशे एकतीस."

"एकशे एकतीस," ती स्वतःशीच म्हणाली, आणि वळून घराकडे चालू लागली. चिखलबर्फात सपाता पचपचत होत्या.

एवारिस्तोने स्की काढून खांद्यावर घेतल्या आणि तिच्यामागून निघाला. बरोबरीने चालायची त्याला हिंमत झाली नाही.

"रेडिओ तसाच चालू राहिलाय," मागे न बघता ती म्हणाली. "जाऊन बंद करते."